शब्द येतात, वाक्य येत नाही

"अगं मला शब्द येतात गं, वाक्य येत नाही." वहिनी हे बोलल्या त्याला आता वर्ष होऊन गेलं असेल, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून काही जात नाही, कारण इंग्रजी शिकणाऱ्या आपल्यातल्या कितीतरी जणांचं दुखणं त्यांनी एका दमात सांगून टाकलं होतं. त्यांच्या हातात तेव्हा एक वही होती, मधोमध रेघ मारलेली, डावीकडे इंग्रजी शब्द उजवीकडे मराठी अर्थ, पानंच्या पानं भरलेली आणि अक्षर इतकं सुंदर की बघत राहावं. मी सहज एक पान उघडून विचारलं, "वहिनी, अव्हेलेबल म्हणजे?" त्या लगेच म्हणाल्या, "उपलब्ध." म्हटलं, "आता समजा तुम्ही फोन लावलाय आणि मॅडम आहेत का ते विचारायचंय, कसं विचाराल?" आणि त्या गप्प झाल्या. "इज शी अव्हेलेबल?" एवढंच म्हणायचं होतं. शब्द वहीत होता, अर्थ पाठ होता, पण 'मॅडम आहेत का' या रोजच्या बोलण्यापासून त्या शब्दापर्यंत जाणारी वाट कुणी दाखवलीच नव्हती. 'उपलब्ध' हा शब्द तरी आपण घरात बोलताना कधी वापरतो?

मीही अनेक वर्षं असंच शिकले. रोज दहा शब्द पाठ, रविवारी उजळणी. मग एका मुलाखतीत मला विचारलं की आत्ताच्या नोकरीत किती दिवस आहात, आणि मी म्हणाले, "आय एम वर्किंग देअर सिन्स थ्री इयर्स." समोरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी फक्त मान हलवली, पण घरी येऊन मी ते वाक्य शोधलं आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण सिन्सचा अर्थ मला माहीत होता ना! सिन्स म्हणजे पासून. तीन वर्षांपासून, म्हणजे सिन्स थ्री इयर्स. मराठीत आपण 'तीन वर्षांपासून' पण म्हणतो आणि '२०१५ पासून' पण म्हणतो, दोन्हीकडे तोच 'पासून'. इंग्रजी मात्र इथे दोन गोष्टी वेगळ्या धरते, सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर सिन्स आणि किती काळ गेला ते सांगायचं तर फॉर. "आय हॅव बीन वर्किंग देअर सिन्स २०१५." "आय हॅव बीन वर्किंग देअर फॉर थ्री इयर्स." आणि दुसरी गंमत बघा, मराठीत 'काम करतेय' हा सरळ वर्तमानकाळ आहे, मागे सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं सांगायला आपल्याला वेगळा काळ लागत नाही, तो 'पासून'च सगळं काम करतो. इंग्रजीत ते काम क्रियापदाला करावं लागतं म्हणून ते लांबलचक 'हॅव बीन वर्किंग'. हे मला शब्दार्थाच्या यादीने कधीच सांगितलं नसतं. दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिल्यावर पाच मिनिटांत कळलं.

त्या दिवसापासून मी एक ठरवलं, वहीत एकटा शब्द लिहायचा नाही. म्हणजे नाहीच. लिहायचं तर वाक्य, आणि वाक्यही असं की जे मी स्वतः कधी ना कधी बोलणार आहे. वहिनींनाही मी तेच सांगितलं आणि मग आम्ही दोघींनी मिळून जे काय काय केलं ते इथे लिहितेय.

आधी थोडं मागचं सांगते, कारण हे वाचल्यावर मला स्वतःला खूप बरं वाटलं होतं. हर्मन एबिंगहाउस नावाचे एक जर्मन मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८८५ साली स्मरणशक्तीवरचे आपले प्रयोग छापले. प्रयोग त्यांनी स्वतःवरच केले होते. त्यासाठी त्यांनी मुद्दाम काहीच अर्थ नसलेली अक्षरजोडं तयार केली, मधे स्वर आणि दोन्ही बाजूंना व्यंजन अशी, साधारण २३००, ती पाठ करायची आणि मग किती वेळाने किती उरतं ते मोजायचं. पहिल्या तासाभरातच अर्ध्याहून जास्त निसटून जायचं, पुढे निसटण्याचा वेग कमी कमी होत जायचा. हा भाग बऱ्याच जणांना माहीत असतो. पण त्यांनी अजून एक केलं होतं, बायरन या इंग्रज कवीच्या कवितेची कडवीही पाठ करून बघितली, आणि त्याला लागलेली मेहनत त्या निरर्थक तुकड्यांच्या मानाने जवळजवळ एक दशांश निघाली! एक दशांश. मला वाटतं वहिनींच्या वहीतला डावीकडचा शब्द हा त्यांच्यासाठी तसा निरर्थक तुकडाच होता, त्याला मागे-पुढे काही नव्हतं, कोण बोलतंय कुणाशी बोलतंय काही नव्हतं. मग तो निसटला तर त्यात वहिनींची स्मरणशक्ती कमी पडली असं कसं म्हणायचं?

आणि शब्दांचे अर्थ मुळात येतात कुठून हेही बघण्यासारखं आहे. आपल्याला वाटतं डिक्शनरीत आधी अर्थ असतो आणि मग सोय म्हणून खाली एखादं उदाहरण देतात. घडतं ते उलट. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली जो इंग्रजी शब्दकोश काढला त्यात त्याने लाखाहून जास्त अवतरणं घातली होती, म्हणजे शब्द लोकांनी खरोखर कसा वापरलाय त्याची वाक्यं. पुढे ऑक्सफर्डचा मोठा कोश करताना १८७९ साली जेम्स मरे यांनी वाचकांना आवाहनच केलं की तुम्ही पुस्तकं वाचा आणि शब्द ज्या वाक्यात सापडेल ते वाक्य चिठ्ठीवर उतरवून आम्हाला पाठवा. चिठ्ठ्यांचे ढीग आले. त्या ढिगांतली वाक्यं बघून संपादकांनी अर्थ ठरवले. पहिला भाग १८८४ साली निघाला, काम पुरं व्हायला १९२८ उजाडलं आणि त्यात सुमारे १८ लाख अवतरणं होती. म्हणजे कोशकार मंडळी शेकडो वाक्यं वाचून अर्थापर्यंत पोचली आणि आपण मात्र नुसता अर्थ उचलून वाक्यापर्यंत पोचायला बघतो.

शिकणाऱ्यांसाठी ज्या डिक्शनऱ्या असतात त्या तर वेगळ्याच. ए. एस. हॉर्नबी हे जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, परक्या माणसाला कुठे अडतं ते त्यांनी रोज वर्गात पाहिलेलं, त्यांचा कोश १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो काढला. त्यांचा सगळा भर कशावर, तर क्रियापदानंतर काय येतं यावर. आपल्याला इथेच तर अडतं! एन्जॉय म्हणजे मजा येणे आणि वॉन्ट म्हणजे हवं असणे एवढं माहीत असून काय उपयोग, "आय एन्जॉय रीडिंग" असं म्हणायचं आणि "आय वॉन्ट टू रीड" असं म्हणायचं हे कळायला हवं. "एक्स्प्लेन मी" हे कानाला किती बरोबर वाटतं, 'मला समजावून सांग', पण इंग्रजीत "एक्स्प्लेन इट टू मी". "डिस्कस अबाउट" पण तसंच, 'त्याबद्दल चर्चा करू' मधला 'बद्दल' आपण उचलून नेतो, तिथे त्याला जागाच नसते, "लेट्स डिस्कस इट" एवढंच. नंतर १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने कोबिल्ड नावाचा कोश आणला, त्यात तर अर्थसुद्धा पूर्ण वाक्यात सांगितलेला असतो, की अमुक केलंत तर त्याला असं म्हणतात. माझं ऐकाल तर शिकणाऱ्यांसाठी केलेली अशी एखादी डिक्शनरी मोबाइलवर ठेवा, इंग्रजी-मराठी कोशाच्या जोडीला. अर्थ इंग्रजी-मराठीत बघा, वाक्य तिथे बघा.

आता मूळ गोष्टीवर येते. वाक्य कुठलं निवडायचं?

आम्ही पहिल्या दिवशी चूक ही केली की एका पुस्तकातली वाक्यं उतरवायला घेतली. टेबलावर पेन आहे. राजा शूर होता. ही मुलगी सुंदर आहे. तीन दिवसांत वहिनी कंटाळल्या आणि त्यांचं बरोबरच होतं, टेबलावर पेन आहे हे त्या कुणाला सांगायला जाणार? मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली. दिवसभरात आपण मराठीत काय बोललो त्यातली पाच वाक्यं रात्री लिहायची, जशी बोललो तशीच, पुस्तकी करायची नाहीत. "फोन लागत नाहीये." "किल्ली कुठे ठेवलीस?" "मला आज जमणार नाही." "थांब, आलेच." "दार लागत नाहीये नीट." आणि मग ही इंग्रजीत कशी म्हणतात ते शोधायचं.

तिथे खरी दुनिया उघडली. 'लागणे' हे एकच क्रियापद घ्या. डिक्शनरीत बघितलं तर स्पर्श होणे, चिकटणे असं काहीतरी मिळतं आणि त्यातलं काहीच कामाला येत नाही. फोन लागत नाहीये म्हणजे "आय कान्ट गेट थ्रू." दार लागत नाहीये म्हणजे "द डोअर वोन्ट शट." भूक लागलीय, "आय एम हंग्री." दोन तास लागले, "इट टुक मी टू अवर्स." पायाला लागलं, "आय हर्ट माय फूट." त्याचं बोलणं लागलं, "व्हॉट ही सेड हर्ट मी." ती रडायला लागली, "शी स्टार्टेड क्राइंग." लवकर उठावं लागतं, "आय हॅव टू गेट अप अर्ली." एका 'लागणे'ची आठ वाक्यं आणि इंग्रजीत सात वेगवेगळ्या वाटा, त्यातल्या त्यात पाय आणि मन या दोघांना दुखावणारं 'हर्ट' तेवढं सारखं निघालं याचं वहिनींना फार अप्रूप वाटलं. "म्हणजे लागणं त्यांनाही कळतं," म्हणाल्या.

उलट बाजूने 'हॅव' बघा. आपण काय म्हणतो, मला दोन भाऊ आहेत. माझ्याकडे पाच मिनिटं आहेत. घराला चार खोल्या आहेत. माझं डोकं दुखतंय. मराठीत प्रत्येक ठिकाणी वेगळी सोय, मला, माझ्याकडे, घराला, माझं. इंग्रजीत सगळीकडे हॅव. "आय हॅव टू ब्रदर्स." "आय हॅव फाइव्ह मिनिट्स." "द हाउस हॅज फोर रूम्स." "आय हॅव अ हेडेक." हॅव म्हणजे असणे असं पाठ केलं की डोकं दुखण्यात हे 'असणे' कुठून आलं ते कळतच नाही, पण ही चार वाक्यं खाली खाली लिहून जोडीला मराठी लिहिलं की डोळ्यालाच दिसतं, काही समजवावं लागत नाही.

आणि हे 'मला' प्रकरण तर खूप खोल आहे. मराठीत भूक मला लागते, थंडी मला वाजते, राग मला येतो, आठवण मला येते, गोष्ट मला आवडते, म्हणजे या सगळ्या गोष्टी बाहेरून येतात आणि आपल्याला होतात. इंग्रजीत माणूस उठून पुढे येतो आणि वाक्याचा कर्ताच होतो, "आय एम कोल्ड", "आय गॉट अँग्री", "आय मिस यू", "आय लाइक इट". हे एकदा लक्षात आलं की मराठी वाक्यात सुरुवातीला 'मला' दिसला की थांबायचं आणि इंग्रजीत 'आय' पासून सुरुवात होतेय का बघायचं. दरवेळी होत नाही ("इट टुक मी टू अवर्स" वरच आलंय) पण बहुतेक वेळा होते, आणि वहिनींच्या बोलण्यातली अर्धी अडखळ यानेच गेली असं मला वाटतं.

जिथे माणूसही नसतो तिथे इंग्रजी 'इट' आणून बसवते. पाऊस पडतोय, "इट्स रेनिंग." उशीर झालाय, "इट्स लेट." अंधार पडायला लागला, "इट्स गेटिंग डार्क." वहिनींनी विचारलं, "हे इट म्हणजे कोण?" कुणीच नाही. इंग्रजी वाक्याला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही म्हणून तिथे कुणालातरी बसवावं लागतं, बस. मराठीला ती गरज नाही, 'उजाडलं' हा एकच शब्द आपल्याकडे अख्खं वाक्य असतो. किती सुंदर आहे ना हे?

झोपण्याचंही सांगायलाच हवं. "मी दहाला झोपले पण बारापर्यंत झोपच लागली नाही." हे वाक्य वहिनी खरोखर बोलल्या होत्या एका सकाळी आणि रात्री आम्ही ते वहीत घेतलं. झोपणे म्हणजे स्लीप, तर "आय स्लेप्ट ॲट टेन बट डिडन्ट स्लीप टिल ट्वेल्व" असं काहीतरी होतं आणि त्याला अर्थच राहत नाही. इंग्रजीत अंथरुणावर जाणं वेगळं, डोळा लागणं वेगळं, झोपेत असणं वेगळं. "आय वेंट टू बेड ॲट टेन बट डिडन्ट फॉल अस्लीप टिल ट्वेल्व." अशीच जोडी कपड्यांची. 'घालणे' आपल्याला दोन्हीला चालतं, घालतेय आणि घातलाय एवढाच फरक. इंग्रजीत अंगावर चढवण्याची क्रिया "पुट ऑन" आणि अंगावर असणं "वेअर". "पुट ऑन युवर शूज, वी आर लेट." "शी इज वेअरिंग अ ब्लू शर्ट." दोन्ही वाक्यांत घालणेच आहे पण एकात हालचाल आहे, एकात नाही.

अजून एक, माझ्या फार आवडीचं. लहानपणी मी खूप वाचायचे. हा 'वाचायचे', म्हणजे पूर्वीची सवय जी आता राहिली नाही, याला इंग्रजीत सरळ "आय यूज्ड टू रीड अ लॉट." आपल्या मराठी क्रियापदातच जी गोष्ट आहे ती इंग्रजीत 'यूज्ड टू' लावून येते, त्यामुळे मराठी माणसाला हे शिकवायला खरं तर नियम लागतच नाही. जायचो, खेळायचो, बोलायची, भांडायचो, असं मराठीत दिसलं की यूज्ड टू लावून बघायचं, बहुतेक जमतं. व्याकरणाच्या पुस्तकात यावर लांबलचक स्पष्टीकरण असतं आणि आपल्याच भाषेत ते आयतं पडलेलं असतं हे कुणी सांगत नाही. अर्थात "मला जायचंय" मधला 'जायचं' वेगळा, तो "आय वॉन्ट टू गो" किंवा "आय हॅव टू गो", तिथे गल्लत करू नका.

केस कापण्याचं उदाहरण पण लिहून ठेवा. आपण म्हणतो "मी केस कापले" आणि ऐकणाऱ्याला कळतं की कुणाकडून तरी कापून घेतले. इंग्रजीत "आय कट माय हेअर" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटणार की स्वतःच कात्री घेऊन बसलात. दुसऱ्याकडून करून घेतलं तर "आय हॅड माय हेअर कट." तसंच "आय गॉट माय फोन रिपेअर्ड", फोन दुरुस्त करून घेतला. 'करून घेणे' हा सांगाडा एकदा कानात बसला की नवीन वाक्यं आपोआप सुचतात.

आता आदराचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मी वहिनींना अहो-जाहो करते, त्या मला अगं-तुगं करतात, आणि मराठीत हा मान-आपलेपणा सर्वनामात आणि क्रियापदातच असतो. खिडकी उघड आणि खिडकी उघडा, एका 'आ'ने काम होतं. इंग्रजीत दोघांनाही यू. मग मान द्यायचा कसा? तो वाक्याच्या बांधणीत जातो. "ओपन द विंडो" हे आपण अनोळखी माणसाला म्हटलं तर ते 'उघड' असंच ऐकू येतं, नुसतं प्लीज लावूनही ते पुरतं मऊ होत नाही. "कुड यू ओपन द विंडो?" म्हटलं की 'उघडता का जरा' होतं. "वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?" म्हटलं की 'तुमची हरकत नसेल तर' होतं, आणि इथे एक लक्षात ठेवायचं, याला होकार द्यायचा तर उत्तर "नो, नॉट ॲट ऑल" असं येतं, कारण विचारलंय हरकत आहे का. कितीतरी चांगली, नम्र माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात ती फक्त यामुळे, त्यांच्या मनातला 'आपण' आणि 'तुम्ही' वाक्यात कुठे ठेवायचा हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून मी वहिनींना मुद्दाम एकच गोष्ट तीन माणसांना सांगायला लावायचे, लहान भावाला, शेजारच्या काकूंना, अनोळखी अधिकाऱ्याला. आधी मराठीत, मग इंग्रजीत.

हो-नाहीचाही असाच घोळ. "तू आली नाहीस?" याला आपण "हो, नाही आले" असं सहज म्हणतो, तो 'हो' म्हणजे तुम्ही म्हणताय ते खरं. इंग्रजीत "डिडन्ट यू कम?" ला "नो, आय डिडन्ट" असंच, आली नसाल तर नोच. नुसतं "येस" म्हटलंत तर आलात असा अर्थ होऊ शकतो. फोनवर यामुळे मोठे गैरसमज होतात. आम्ही अशी दहा-बारा प्रश्नोत्तरं लिहून मोठ्याने म्हटली, दोन आठवडे रोज, तेव्हा कुठे जिभेला वळण लागलं.

मोठ्याने म्हणणं यात सुटू देऊ नका बरं. आमची पद्धत अशी आहे, मराठी वाक्य वहीच्या डाव्या पानावर, इंग्रजी उजव्या पानावर. आधी इंग्रजी स्वतःच्या मनाने पेन्सिलीने लिहायचं, चुकलं तरी लिहायचं, मग तपासून पेनाने. पेन्सिलीचं खोडायचं नाही कारण आपण कुठे चुकतो ते पुढे बघायला फार उपयोगी पडतं. मग त्याच वाक्यात एकेक गोष्ट बदलून तीन वाक्यं करायची. "आय कान्ट मेक इट टुडे." (मला आज जमणार नाही.) "आय कान्ट मेक इट टुमॉरो." "शी कान्ट मेक इट टुडे." "आय कुडन्ट मेक इट यस्टरडे." बघा, माणूस बदलला, दिवस बदलला, काळ बदलला आणि कान्टचं कुडन्ट कधी होतं ते न सांगता कळलं. दुसऱ्या दिवशी उजवं पान झाकायचं आणि डावीकडचं मराठी बघून इंग्रजी म्हणायचं. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. जे अडतं त्याला टिंब, जे येतं ते पुढे ढकलायचं. दिवसाला पाचच वाक्यं. वहिनींना पहिल्या उत्साहात वीस लिहायची होती, मी करू दिली नाहीत, वीस लिहिली जातात पण वीस म्हटली जात नाहीत.

तपासायचं कसं हा प्रश्न सगळे विचारतात. भाषांतराच्या ॲपवर वाक्य टाकलं तर उत्तर मिळतं आणि आता पूर्वीपेक्षा बरंच चांगलं मिळतं, पण त्याला कोण कुणाशी बोलतंय ते माहीत नसतं. म्हणून आलेलं इंग्रजी वाक्य परत अवतरणचिन्हांत टाकून सर्च करायचं आणि बाकीचे लोक ते कुठे वापरतात ते बघायचं. तातोएबा नावाचा एक वाक्यसंग्रहही आहे, २००६ पासून चालू, वेगवेगळ्या भाषांतली वाक्यं लोक तिथे एकमेकांना जोडतात, आणि जपानीत त्या नावाचा अर्थच 'उदाहरणार्थ' असा आहे. लोकांनी भरलेलं असल्यामुळे क्वचित चुकीचंही असतं, तेव्हा दोन ठिकाणी बघावं.

मग व्याकरण नकोच का? हवं. मी व्याकरणाच्या विरोधात अजिबात नाही, फक्त ते आधी येऊ नये एवढंच. अ आणि द चे नियम मी शाळेत कितीदा वाचले असतील. समजले मात्र एका जोडीने: "आय बॉट अ बॅग. द झिप इज ऑलरेडी ब्रोकन." एक पिशवी घेतली, आता कुठली पिशवी ते तुला कळलं, त्यामुळे चेन कुठली तेही कळलं, म्हणून पहिल्यांदाच बोलत असूनही 'द' झिप. मराठीत आपण नुसतं 'चेन तुटलीय' म्हणतो, दाखवायला शब्द लागत नाही. अशी सात-आठ वाक्यं गोळा झाल्यावर मी व्याकरणाचं पुस्तक उघडलं तेव्हा तो नियम ओळखीचा निघाला.

वहिनी आता फोन घेतात. परवा त्यांनी एक वाक्य स्वतःहून शोधून मला पाठवलं. 'कधीपासून तुला सांगीन सांगीन म्हणतेय' याला इंग्रजीत काय म्हणत असतील म्हणून त्या दोन दिवस शोधत होत्या आणि त्यांना मिळालं, "आय हॅव बीन मीनिंग टू टेल यू." मीनिंग म्हणजे अर्थ एवढंच त्यांच्या जुन्या वहीत लिहिलेलं होतं, त्यांनी ते पानही फोटो काढून सोबत पाठवलं.

आत्ता आम्ही 'असू दे' वर अडलोय. "पैसे परत देऊ?" "असू दे." तिथे "कीप इट" बसतं. "सॉरी, विसरले." "असू दे." तिथे "दॅट्स ओके." "मी भांडी आवरू का?" "असू दे, मी बघते." तिथे "लीव्ह इट, आय विल डू इट." पण आजारी माणसाच्या खांद्यावर हात ठेवून आपण जे हळूच "असू दे, असू दे" म्हणतो, त्याच्यासमोरचं उजवं पान वहिनींनी अजून कोरं ठेवलंय. "इट्स ऑल राइट" मी सुचवलं होतं. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जवळ आहे गं, पण पेनाने नको एवढ्यात."